वीस बायकांचं ऐकून तुम्ही काय सांगणार?

पत्र

मॅडम, मी समाजकार्य विषयात पीएचडी करते आहे. विषय आहे ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचं आजारपण आणि गर्भपिशवी काढण्याचा निर्णय. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, मी वीस सखोल मुलाखती लिहिल्या होत्या. तो आणि माझ्या प्रश्नांची यादी सोबत पाठवते आहे. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "बीडहून एवढी माणसं तोडीला जातात आणि वीस बायकांचं ऐकून तुम्ही काय सांगणार? शितावरून भाताची परीक्षा का?" माझे गाईड म्हणतात, वाद नको, तीनशे जणींची प्रश्नावली जोडून टाक.

दरम्यान मी सांगलीकडच्या एका फडावर जाऊन आले. ओळखीच्या मुकादमाने, म्हणजे तोडीला टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, चार बायका बोलावून दिल्या. "बरं चाललंय", "डॉक्टर म्हणले म्हणून केलं" याच्यापुढे एकही गेली नाही. अर्ध्या तासाच्या आत मुलाखत संपायची. मुकादम आणखी बायका द्यायला तयार आहे. मी वीस पूर्ण करू की तीनशेच्या मागे लागू? नमुना निवड सहेतुक लिहू की स्नोबॉल? आणि बायकांना त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत का?

एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तीनशेच्या मागे लागू नका. आणि वीसही त्याच मुकादमाकडून पूर्ण करू नका. तुमची खरी अडचण आकड्यात नाही. या चार बायका तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आल्या आणि त्या बोलत होत्या तेव्हा आजूबाजूला कोण होतं, तिथे ती आहे. आधी समितीचं बघू, कारण तिथे तुमचा धीर सुटलेला दिसतो.

सरांची म्हण चुकीची नाही, पण ती दुसऱ्या प्रकारच्या कामाला लागू पडते. एका शितावरून भात कळतो, कारण सगळं भांडं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेलं असतं. किती बायकांनी पिशवी काढली, कोणत्या वयात काढली, सरकारी दवाखान्यात की खासगीत, हे मोजायचं असेल तर मोठा आणि यादृच्छिक पद्धतीने काढलेला नमुना हवा. प्रत्येकीला निवडलं जाण्याची संधी असली पाहिजे. ते काम बीडमध्ये झालेलंही आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ८२ हजारांची मोजणी हाताशी असताना तुमच्या तीनशेच्या प्रश्नावलीने त्यात काय भर पडणार?

त्या मोजणीतून जे कळत नाही, ते तुमचं काम आहे. कंबर दुखायला लागली त्या दिवसापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत मधे काय काय घडलं? पहिल्यांदा कोणाला सांगितलं? सोनोग्राफीचे पैसे कोणी दिले? नवऱ्याने, सासूने की मुकादमाने उचलीत, म्हणजे सीझनआधी दिलेल्या आगाऊ रकमेत, धरून दिले? पुढच्या सीझनला जायचं आहे हे मनात धरून तारीख ठरली का? आणि याच आकड्यांना उलट्या बाजूनेही बघा. १३,८६१ म्हणजे सुमारे १७ टक्के. उरलेल्या ८३ टक्के बायकाही तोच ऊस तोडतात, त्याच मोळ्या डोक्यावर वाहतात. त्यांच्यातल्या काहींना डॉक्टरांनी काढायला सांगितलं आणि त्यांनी काढली नाही. त्यांनी कशाच्या जोरावर नाही म्हटलं? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये अशी एकही बाई धरलेली दिसत नाही. निदान पाच-सहा तरी हव्यात. त्यांच्याशिवाय "बायकांना पर्याय नव्हता" असं तुम्ही लिहाल आणि व्हायवाला कोणीतरी विचारेल की ज्यांनी केलं नाही त्यांचं काय.

आता वीस का, यावर समितीला द्यायचं उत्तर. ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोघांनी १९६७ साली संपृक्ततेची कल्पना मांडली. नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. ही कल्पना सगळे पाठ म्हणतात, पण ती गाठली हे दाखवत कोणी नाही. गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ते तपासून दाखवलं. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखतींमधले बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच आलेले होते. तेव्हापासून "बारा पुरतात" हा मंत्र झाला आहे. तुम्ही तो म्हणू नका. तिथे स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या, प्रश्नही ठरलेले होते. २०१७ साली हेनिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचवीस मुलाखती घेऊन हेच पुन्हा तपासलं. मुद्द्यांची यादी नवव्या मुलाखतीपर्यंत भरली, पण एकेका मुद्द्याचा अर्थ नीट उमगायला १६ ते २४ मुलाखती लागल्या. तुमचा प्रश्न यादीचा नाही, अर्थाचा आहे. म्हणून समितीला सांगा की वीस ते पंचवीस स्त्रिया हा अंदाज आहे, आधीच्या मुलाखतींचं विश्लेषण करत करत पुढची निवड होईल आणि कुठे थांबले ते मी नोंदींसह दाखवेन. नॉर्वेच्या माल्टेरुड यांचा २०१६ चा मुद्दाही जोडा. संशोधनाचा प्रश्न जितका नेमका, बाई त्या अनुभवाच्या जितकी जवळची आणि बोलणं जितकं सखोल, तितक्या कमी मुलाखती पुरतात. पण याची दुसरी बाजू तुमच्याच पत्रात आहे. अर्ध्या तासाच्या "बरं चाललंय" अशा वीस मुलाखती कुठल्याच हिशेबाने पुरणार नाहीत.

गाईडसरांना दुखवायचं नाही हे समजतं. वाद घालू नका, त्यांना एक कागद द्या. डाव्या बाजूला संशोधनाचे तुमचे चार प्रश्न, उजव्या बाजूला प्रत्येकाचं उत्तर कोणाकडून आणि कसं मिळणार. प्रश्नावलीने सुटेल असा एकही प्रश्न त्या कागदावर नसेल तर प्रश्नावली आपोआप गळेल. नुसती समितीची समजूत काढायला जोडलेली तीनशेची प्रश्नावली मला मनापासून नको वाटते. ती भरून घेण्यात सगळा सीझन जातो, नमुना यादृच्छिक नसतोच, आणि मुलाखतींना वेळ उरत नाही. दोन्ही कामं अर्धी राहतात.

आता मुकादम. तो ओळखीचा आहे, चांगला माणूसही असेल. तरी त्या चौघींच्या जागी बसून बघा. याच माणसाकडून घरात उचल आलेली आहे. ती फिटली नाही तर पुढच्या सीझनवर चढणार आहे. आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापणारा हाच. त्याने हाक मारली, "या गं, बाई आल्यात, त्यांना माहिती द्या", आणि त्या कोपीतून उठून आल्या. त्यांच्या लेखी तुम्ही कोण होतात? कारखान्याच्या बाई असाल, सरकारच्या असाल, पण मुकादमाच्या माहितीतल्या नक्की. "बरं चाललंय" हे त्या परिस्थितीत अगदी शहाणपणाचं उत्तर आहे.

म्हणून त्या चार मुलाखती टाकून देऊ नका. प्रत्येकीपुढे लिहा की कोणी बोलावलं, कुठे बसलो, कोण ऐकत होतं, किती वेळ, मधे ती कशासाठी उठली. हा तुमच्या माहितीचाच भाग आहे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, की त्या गावी येतील, तेव्हा त्यांच्या घरी, त्यांच्या सवडीने परत भेटा. तीच बाई फडावर काय बोलली आणि स्वतःच्या ओसरीवर काय बोलली, यातला फरक तुमच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण होऊ शकतं. नमुना म्हटलं की आपण फक्त माणसं निवडतो. जागा आणि वेळही निवडावी लागते.

सहेतुक की स्नोबॉल, या प्रश्नाचं उत्तर असं. निवड सहेतुक, आणि पोचण्याची एक वाट स्नोबॉल. कोणत्या प्रकारच्या बायका हव्यात हे आधी ठरवायचं, ती सहेतुक निवड. त्या सापडायला एकीने दुसरीचं नाव सांगायचं, तो स्नोबॉल. पण एकाच टोकापासून सुरू केलात तर तुम्ही एकाच टोळीत, एकाच भावकीत फिरत राहाल आणि वीसही बायका एकमेकींच्या जावा-नणंदा निघतील. सुरुवातीची टोकं तीन-चार हवीत आणि ती एकमेकांशी बांधलेली नकोत. एखादी आशाताई, दुसऱ्या तालुक्यातली अंगणवाडीताई, आठवडी बाजारात भेटलेली कोणी, ऊसतोड स्त्रियांसोबत काम करणारी एखादी कार्यकर्ती. आशाताईची वाटही निखळ नसते हे ध्यानात ठेवा. तिने दवाखान्यात नेलेल्या बायकाच ती तुम्हाला दाखवेल.

प्रकार ठरवताना मला जे महत्त्वाचे वाटतात ते सांगते. ऑपरेशन झालेल्या आणि सांगूनही न केलेल्या. तिशीच्या आत झालेल्या आणि चाळिशीनंतर झालेल्या. बैलगाडीवर जाणाऱ्या आणि ट्रॅक्टरच्या टोळीत जाणाऱ्या, कारण दोघींचा दिवस वेगळा असतो. नवऱ्यासोबत पूर्ण कोयता म्हणून जाणाऱ्या आणि एकट्या, अर्धा कोयता म्हणून जाणाऱ्या. बंजारा तांड्यावरच्या बायका घ्यायच्याच, आणि तिथे गोरमाटी बोलणारी, पण त्याच तांड्यातली नसलेली सोबतीण न्या. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त निसटतो. ऑपरेशननंतर अंगात ताकद राहिली नाही म्हणून आता तोडीला जातच नाहीत, अशा बायका. फडावर कितीही फिरलात तरी त्या भेटणार नाहीत. त्या गावात म्हाताऱ्यांबरोबर मागे राहिलेल्या असतात. तुमच्या विषयावर त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

एवढे सगळे प्रकार वीसांत समसमान बसणार नाहीत, बसवायचेही नाहीत. पहिल्या सहा मुलाखती करा, लगेच उतरवून काढा, कोडिंग करा, म्हणजे बोलण्यातल्या एकेका मुद्द्याला नाव देऊन खूण करा. मग पुढची बाई कोण हवी हे त्यातूनच ठरू द्या. समजा सहापैकी तिघींच्या बोलण्यात आलं की पैसे मुकादमाने भरले आणि उचलीत धरले. मग सातवी आणि आठवी अशा शोधायच्या की ज्यांचे पैसे माहेरहून आले. हे असं पुढे सरकणं म्हणजेच ग्लेझर-स्ट्रॉस यांनी सांगितलेली सैद्धांतिक नमुना निवड. मुलाखती सगळ्या संपवून मग वही उघडणारा संशोधक ही संधी घालवून बसतो.

आता बायका बोलत का नाहीत. मुकादम हे एक कारण झालं. दुसरं कारण तुमच्या प्रश्नांत आहे. सोबत पाठवलेल्या यादीत पहिलाच प्रश्न आहे, "शस्त्रक्रियेच्या निर्णयप्रक्रियेत कुटुंबातील कोणाचा सहभाग होता?" ही प्रबंधाची भाषा झाली. त्यावर "मालकांचा" एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारून बघा :

"पिशवीचा त्रास पहिल्यांदा झाला, तो दिवस सांगा ना. तेव्हा तुम्ही फडात होतात की गावी?"

ती म्हणेल, फडात. मग, "सकाळी किती वाजता उठला होतात त्या दिवशी?" पहाटे तीनला, भाकरी थापायला. मग भाकरीपासून मोळीपर्यंत, मोळीपासून गाडी भरण्यापर्यंत तिला जाऊ द्या. कुठेतरी मधे ती स्वतःच म्हणेल की इथे बसले मी बांधावर. त्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थांबा. ते थांबणं फार अवघड जातं, आपल्याला वाटतं मुलाखत पडली. मनात सावकाश दहा अंक मोजा. बहुतेक वेळा पुढचं वाक्य तिच्याकडूनच येतं, आणि ते प्रश्नाला दिलेलं उत्तर नसतं, तिचं स्वतःचं असतं. घडलेला दिवस विचारा, मत विचारू नका. मत सगळ्यांकडे एकच असतं, दिवस प्रत्येकीचा वेगळा.

दुसरी एक युक्ती, जी या विषयाला फार उपयोगी आहे. दवाखान्याचे कागद बायका जपून ठेवतात. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी. विचारा की कागद आहेत का, आणि ती काढेल तेव्हा एकेक कागद तिलाच तुमच्यासमोर मांडू द्या. ही सोनोग्राफी, हे रक्त, ही गोळ्यांची चिठ्ठी. वाचता येत नसलं तरी कोणता कागद कधीचा हे तिला ठाऊक असतं. त्या क्रमातून तुम्हाला तारखा मिळतील. सोनोग्राफी आणि ऑपरेशन यांच्यात किती दिवस गेले, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का, मधे औषधोपचार करून बघितला का. बोलण्यातलं आणि कागदावरचं जुळलं नाही तर तिला खोटं पाडायचं नाही. दोन्ही लिहून ठेवायचं. कागदाचा फोटो घेतलात तर नाव, दवाखाना, नोंदणी क्रमांक झाकून घ्या, आणि तोही तिने होकार दिला तरच.

गटचर्चेचा आराखडा तुम्ही सिनॉप्सिसमध्ये दिला आहे. ती ठेवा, पण पिशवीच्या अनुभवासाठी नको. सासू समोर असताना सून, जाऊ समोर असताना जाऊ तिचं खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर ते वस्तीभर होईल. सहा ते आठ जणींच्या गटात सर्वांचं म्हणून जे असतं ते विचारा. पाळी आली तर फडावर काय करतात, खाडा कसा धरतात, दवाखाना किती लांब, कोणत्या दवाखान्याचं नाव जास्त घेतात. गटात त्या एकमेकींना दुरुस्त करतात आणि तीच दुरुस्ती ऐकण्यासारखी असते.

संमतीपत्राचं. अंगठा म्हटला की या बायकांना उचलीचा कागद आठवतो. तुम्ही दोन पानी छापील मजकूर पुढे केलात तर पहिला विश्वास तिथेच उडेल. तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडून तोंडी, ध्वनिमुद्रित संमतीची परवानगी आधीच घ्या. तिला सोप्या भाषेत सांगा की हे कशासाठी आहे, याने तिला कसलीही योजना मिळणार नाही, मधेच थांबवलं तरी चालेल, मुकादमाला काही कळणार नाही. हे शेवटचं शब्दशः पाळायचं आहे. मुकादमाची मुलाखतही घ्या, त्याची बाजू तुमच्या प्रबंधात यायलाच हवी. पण बायकांच्या मुलाखतींतलं एक वाक्यसुद्धा प्रश्न म्हणून त्याच्यापुढे जाता कामा नये. लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत "अठ्ठावीस वर्षांची, दोन मुली, ऑपरेशन झालेली" एवढं छापलं की ती कोण हे सगळ्या गावाला कळतं. गाव बदला, मुलांचा तपशील गाळा, गरज नसेल तिथे वयाचा गट द्या.

बोलता बोलता एखादी सांगेल की अजून रक्त जातंय, चक्कर येते. तेव्हा वही मिटवा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, ही माहिती निघण्याआधीच जवळ असू द्या. नुसतं ऐकून निघून येणं मला तरी मान्य नाही.

रेकॉर्डिंगला नाही म्हटलं तर रेकॉर्डिंग नाही. शब्द टिपून ठेवा आणि झोपण्याआधी सगळं लिहून काढा. दुसऱ्या दिवशी अर्धं उरतं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास धरा. तिची बोली प्रमाण मराठीत धुऊन काढू नका. ती "डाक्टर म्हणला काढून टाक, न्हाईतर क्यान्सर हुईल" असं म्हणाली असेल तर तसंच ठेवा. "डॉक्टरांनी कर्करोगाची शक्यता वर्तवली" असं केलंत की त्या वाक्यातली भीती गेली. आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या गावात राहून केलेल्या नोंदींवरून तयार केलेल्या तिन्ही प्रती १९७० साली स्टॅनफर्डमध्ये लागलेल्या आगीत जळाल्या, कारण तिन्ही एकाच ठिकाणी होत्या. त्यांनी पुढे आठवणीतून पुस्तक लिहिलं. ती त्यांची ताकद होती. आपण एक प्रत घरी, एक पासवर्ड घातलेल्या पेनड्राइव्हवर आणि एक गाईडसरांकडे, नावं काढून, अशी ठेवावी.

राहिला पैशांचा प्रश्न. तोडीच्या वेळात मुलाखत घेऊ नका, म्हणजे मजुरी बुडण्याचा प्रश्नच उरत नाही. फडावर ऊस तोडताना तुम्ही फक्त बघा, जमलं तर मोळी बांधायला हात लावा. गावी तिच्या सवडीने दीड-दोन तास बसलात तर त्या वेळेचं मोल द्यावं असं माझं मत आहे. पण रोख नको. या नात्यांमध्ये आगाऊ रोखीचा अर्थ फार जड आहे, आणि पैसे मिळतात म्हटल्यावर नवराच तिला तुमच्यापुढे आणून बसवेल. मुलाखत झाल्यावर, आधी न सांगता, चहा-साखर किंवा मुलांच्या वह्या द्या. सगळ्यांना सारखंच. काय दिलं, कधी दिलं ते पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत लिहा. आणि नैतिकता समितीच्या अर्जातही आधीच घाला, नाहीतर ऐन वेळी तिथे अडकाल.